लग्न महाराष्ट्रात, ग्रीन कार्ड अमेरिकेचं: विवाह वैध असल्याचा पुरावा कसा उभा करायचा

अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक भारतातल्या नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी अर्ज करतो, तेव्हा सुरुवात आय-१३० या फॉर्मने होते. युएससीआयएस, म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं, या अर्जात लग्नाबद्दल तीन गोष्टी तपासतं. लग्नाच्या दिवशी दोघंही लग्नाला मोकळे होते का? जिथे लग्न लागलं तिथल्या कायद्याने ते लग्न ठरतं का? आणि ते संसारासाठी केलंय की व्हिसापुरतं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरकारी कागदांतून मिळतात, तिसऱ्याचं तुमच्या रोजच्या व्यवहारातून. एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. लोक पाचशे फोटोंचा अल्बम पाठवतात आणि पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाची डिक्री जोडायची राहून जाते. काही जण नोंदणीचं प्रमाणपत्र लावून निवांत बसतात आणि सहा महिन्यांनी "एकत्र संसाराचा पुरावा द्या" असं पत्र येतं. म्हणून फाइलचे पहिल्यापासून दोन भाग करा: एक वैधतेचा, एक संसाराचा.

इथे लग्न महाराष्ट्रात झालंय असं धरून लिहिलंय. गोव्याचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. जिथे लग्न, तिथला कायदा

अमेरिकेचा साधा नियम असा, की लग्न ज्या ठिकाणी लागलं तिथे ते कायदेशीर असेल तर इमिग्रेशनसाठीही ते कायदेशीर. अमेरिकेत पुन्हा कोर्टात जाऊन लग्न करायची गरज नाही. उलट तसं केलं तर दोन तारखा, दोन प्रमाणपत्रं आणि वेगवेगळ्या फॉर्मवर वेगवेगळी उत्तरं असा घोळ होतो.

या नियमाला अपवाद आहेत. पहिली बायको किंवा नवरा हयात असताना, घटस्फोट न घेता केलेलं दुसरं लग्न चालत नाही, मग ते मुस्लिम कायद्याने भारतात वैध का असेना. लग्नाच्या वेळी दोघं एकमेकांसमोर हजर नसतील तर वेगळी अट लागते. आणि जवळच्या नात्यातलं लग्न असेल तर तुम्ही ज्या राज्यात राहणार आहात तिथला कायदा मध्ये येतो. हे तिन्ही पुढे येतील.

समलिंगी जोडप्यांनी एवढं लक्षात घ्या: अमेरिका लग्न मानते, भारत मानत नाही, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तशी मान्यता द्यायला नकार दिला. म्हणून पुण्यात थाटामाटात केलेला समारंभ अर्जाला उपयोगी नाही. जिथे असं लग्न कायदेशीर आहे अशा ठिकाणचंच लग्न लागेल.

२. तुमचं लग्न कोणत्या कायद्याखाली झालं ते ठरवा

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू आहे. त्याच्या कलम ७ नुसार लग्न विधींनी होतं, आणि सप्तपदी असेल तिथे सातवं पाऊल पडलं की ते पूर्ण होतं. कलम ८ नोंदणीचं आहे, पण नोंद नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही असं त्यातच लिहिलंय. महाराष्ट्रात रोजच्या नोंदणीचं काम चालतं ते १९९८ च्या विवाह मंडळे विनियमन आणि विवाह नोंदणी कायद्याखाली, आणि ते सगळ्या धर्मांना लागू आहे. निकाह असो वा चर्चमधलं लग्न, याच कायद्याखाली नोंद करता येते. निकाहनामा किंवा चर्चच्या रजिस्टरचा उतारा त्यासोबत जोडा.

विशेष विवाह कायदा, १९५४ हा वेगळा रस्ता. लोक ज्याला रजिस्टर मॅरेज म्हणतात ते हेच. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला असावा लागतो, नोटीस लागते, ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं, मग विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या सह्या होतात. तीन आठवड्यांच्या सुटीवर आलेल्या माणसाला हे गणित बहुतेक जमत नाही.

गोव्यात नागरी नोंदणी हाच लग्नाचा कायदेशीर कणा आहे. आधी निबंधकासमोर इराद्याची नोंद, मग ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा जाऊन सही. मंदिरात लग्न लावून निबंधकाकडची फक्त पहिली फेरी झाली असेल तर ते काम अर्धवट आहे. पहिल्या फेरीचा कागद प्रमाणपत्र समजून पाठवू नका.

आता सगळ्यात मोठा सापळा. "लग्न डिसेंबरमध्ये, पण व्हिसाला वेळ लागतो, म्हणून जूनमध्येच नोंदणी उरकून घेऊ." भटजींच्या ओळखीने कागद तयार होतो, साखरपुड्याचे फोटो लग्नाचे म्हणून चिकटवले जातात आणि १९९८ च्या कायद्याखाली प्रमाणपत्र मिळतं. १९ एप्रिल २०२४ च्या डॉली राणी विरुद्ध मनीष कुमार चंचल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच प्रकारावर बोट ठेवलं. विधी झालेच नसतील तर प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असं कोर्टाने म्हटलं, आणि परदेशी जाण्याच्या घाईत अशा नोंदी केल्या जातात याचाही उल्लेख केला. जूनचं प्रमाणपत्र आणि डिसेंबरची लग्नपत्रिका एकाच फाइलमध्ये दिसली की अधिकारी विचारणारच, की जूनमध्ये नक्की काय झालं होतं? खरोखरच आधी कायदेशीर लग्न हवं असेल तर विशेष विवाह कायद्याने करा. तिथे सही हेच लग्न असतं. नंतरचा समारंभ मग कौटुंबिक सोहळा, आणि फॉर्मवर तारीख सहीच्या दिवसाची.

याची उलटी बाजू के-१, म्हणजे फियान्से व्हिसा घेणाऱ्यांना नडते. तिथे लग्न झालेलं नसणं ही अट आहे. साखरपुड्याच्या फोटोत गळ्यात मंगळसूत्र, समोर होम आणि अंतरपाट दिसला तर तुम्ही आधीच विवाहित आहात असं मानून व्हिसा नाकारला जाऊ शकतो. के-१ घेणार असाल तर समारंभ साखरपुड्यापुरताच ठेवा.

३. नोंदणी: परतीच्या विमानाआधी

१९९८ च्या कायद्याखाली लग्नाच्या तारखेपासून ९० दिवसांत विवाहाचं ज्ञापन, म्हणजे नमुना 'ड', निबंधकाकडे द्यायचं असतं. मुदत उलटली तरी विलंब शुल्क भरून नोंद होते. मुंबईत हे काम वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य विभागाकडे, लहान शहरात नगरपरिषदेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे असतं.

खरी अडचण माणसं गोळा करण्याची. नवरा, बायको आणि तीन साक्षीदार यांना प्रत्यक्ष जावं लागतं. त्यामुळे लग्न ठरलं की लगेच ही तयारी करा:

- कार्यालयात फोन करून वेळ घ्या. नवरा बरीच वर्षं बाहेर असेल तर पत्त्याचा पुरावा म्हणून काय चालेल तेही विचारून ठेवा.
- नमुना 'ड' आधी भरून, लग्न लागल्याबरोबर मांडवातच गुरुजींची सही घ्या. त्यांच्या आधार कार्डाची प्रतही तेव्हाच. नंतर गुरुजी दुसऱ्या गावी मुहूर्ताला गेले की चार दिवस जातात.
- तीन साक्षीदार लग्नाला हजर असलेले आणि ओळखपत्रासकट मोकळे असलेले हवेत. चौथा राखीव ठेवा.
- लग्नपत्रिका, वधूवरांचा विधींचा फोटो, दोघांच्या जन्मतारखेचा आणि राहत्या जागेचा पुरावा, कोर्ट फी स्टॅम्प. विधुर, विधवा किंवा घटस्फोटित असाल तर मृत्यूचा दाखला किंवा डिक्री.

यानंतर मिळणारं प्रमाणपत्र म्हणजे नमुना 'इ'. युएससीआयएसला हवा तो हा कागद. मंदिर ट्रस्टचा दाखला, आर्य समाजाचं प्रमाणपत्र, स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेलं विवाहाचं प्रतिज्ञापत्र हे सगळे विधी झाल्याचे जोडपुरावे आहेत, निबंधकाच्या नोंदीची जागा ते घेऊ शकत नाहीत. निदान तीन साक्षांकित प्रती एकदमच काढून घ्या.

४. प्रमाणपत्र खिडकीवरच वाचा

नमुना 'इ' वर दोन तारखा असतात: लग्न कधी लागलं आणि नोंद कधी झाली. आय-१३० मध्ये 'लग्नाची तारीख' विचारली आहे तिथे पहिली लिहायची. नोंदणीची तारीख लिहिणारे पुष्कळ, आणि मग लग्नाचे फोटो 'लग्नाच्या आधीचे' दिसू लागतात.

दुसरं म्हणजे दिवस आणि महिना. आपल्याकडचं ०५/०३/२०२४ म्हणजे ५ मार्च. अमेरिकन अधिकारी ते ३ मे वाचतो. फॉर्म महिना-दिवस-वर्ष या क्रमाने भरा, आणि भाषांतरात महिना अक्षरी लिहून घ्या.

तारखेवर बरंच काही अवलंबून असतं. तुमचा जोडीदार एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल आणि नोकरीतून ग्रीन कार्डच्या रांगेत असेल, तर त्याचं ग्रीन कार्ड मंजूर होण्याआधी लग्न झालेलं असल्यास तुम्ही त्याच अर्जासोबत जाऊ शकता. मंजुरीनंतर लग्न केलंत तर आय-१३० आणि एफ-२ए ची, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांची, वेगळी रांग. काही आठवड्यांच्या फरकाने काही वर्षं लांबतात.

नावांचं स्पेलिंग दोघांच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर त्याच कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्या. बाहेर नोटरीकडे 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून भागवायचा मोह होतो. छोट्या फरकाला ते चालून जातं, पण जन्मतारीख किंवा आडनाव चुकलं असेल तर मूळ नोंदच सुधारा.

५. बायकोचं नाव

हा घोळ खास आपला. लग्नाआधी मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं, आणि काही घरांत ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं पहिलं नावसुद्धा नवं. नमुना 'इ' वर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, बँकेत चौथं.

नियम सोपा ठेवा. फॉर्मवर मुख्य नाव चालू पासपोर्टवरचं. बाकी जी जी नावं कुठल्याही कागदावर आहेत ती सगळी 'वापरलेली इतर नावं' या रकान्यात, माहेरच्या नावासकट. तांदळातलं नाव फक्त सासूबाईंच्या हाकेपुरतंच असेल आणि कुठल्याच कागदावर नसेल, तर ते लिहायची गरज नाही. राजपत्रात नाव बदललं असेल तर राजपत्राचं ते पान जोडा.

पासपोर्टवर आडनाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. आमचं स्पष्ट मत: अर्ज चालू असताना नाव बदलू नका. बदलायचंच असेल तर अर्ज भरण्याआधी सगळीकडे बदला, किंवा ग्रीन कार्ड हातात आल्यावर.

६. आधीची लग्नं: दोघांची, सगळी

अर्जदार आणि जोडीदार, दोघांचं प्रत्येक आधीचं लग्न कसं संपलं याचा कागद लागतो. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. घटस्फोट असेल तर कोर्टाच्या डिक्रीची साक्षांकित नक्कल, फक्त रोजनाम्याची शेवटची ओळ नको.

तारखांची सरळ तपासणी होते: घटस्फोट आधी, नवं लग्न नंतर. वादातून मिळालेली डिक्री असेल तर अपिलाची मुदत संपल्याशिवाय पुन्हा लग्न करू नये असं हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ सांगतं, आणि कलम २८ मध्ये ही मुदत ९० दिवसांची आहे. त्या मुदतीतलं लग्न आपोआप रद्द ठरत नाही, पण त्यासाठी वकिलाचं लेखी मत जोडावं लागेल. मुहूर्त पुढे ढकलणं स्वस्त पडतं.

पंचांसमोर झालेली काडीमोड, शंभराच्या स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी हे नाजूक प्रकरण. कायद्याच्या कलम २९ ने रूढीने होणारा घटस्फोट जिवंत ठेवला आहे, पण ती रूढी तुमच्या समाजात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. कोर्टातून तशी घोषणा करून घेतलेली बरी. मुस्लिम जोडप्यांत एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आहे. त्याच्या जोरावर केलेल्या दुसऱ्या लग्नाला आधार उरत नाही.

आणि एक सापळा असा, की त्यात शिकलीसवरलेली माणसंच जास्त अडकतात. पहिलं लग्न नागपुरात, घटस्फोट न्यू जर्सीत, दुसरं लग्न पुन्हा नागपुरात. अमेरिकेच्या दृष्टीने तिथली डिक्री पक्की आहे. पण दुसरं लग्न भारतात लागलं, म्हणून ते भारतीय कायद्याने वैध आहे का हा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात सांगितलं, की परदेशी घटस्फोट इथे चालायचा तर कारण आपल्या विवाह कायद्यात बसणारं हवं, किंवा दुसऱ्या बाजूने तिथल्या कोर्टात स्वखुशीने हजर राहून त्याला संमती दिलेली हवी. 'मतभेद मिटण्यापलीकडचे' या एकाच कारणावर, दुसरी बाजू गैरहजर असताना मिळालेली डिक्री इथे टिकत नाही. म्हणून डिक्रीसोबत दुसऱ्या बाजूची हजेरी, वकीलपत्र, संमतीची सही असे कागद मागवून घ्या. ते नसतील तर भारतात मांडव घालण्याआधी दोन्ही देशांचा कायदा कळणाऱ्या वकिलाला गाठा.

७. मामाची मुलगी आणि झूमवरचं लग्न

हिंदू विवाह कायद्यात मामे-आते भावंडांचं लग्न निषिद्ध नात्यात येतं, मात्र दोन्ही पक्षांच्या रूढीत ते चालत असेल तर वैध. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची रूढी कित्येक समाजांत आहे. ती दाखवण्यासाठी घरातल्या आधीच्या पिढ्यांतल्या अशा लग्नांची माहिती आणि समाजातल्या जाणत्या माणसांची प्रतिज्ञापत्रं तयार ठेवा. मग तुम्ही राहणार ते राज्य बघा. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये अशी लग्नं चालतात. टेक्ससमध्ये ती लावता येत नाहीत आणि २००५ पासून असा संबंध फौजदारी कायद्याच्या कक्षेतही आला आहे. डॅलसच्या पत्त्यावरून अर्ज करणाऱ्याने आधी वकिलाशी बोलावं. नातं लपवून काम होईल असं समजू नका. दोघांच्या जन्मदाखल्यांवरची आजोळची नावं आणि मुलाखतीतले दोन प्रश्न एवढ्यावर ते उघड होतं.

युटा राज्यातल्या युटा काउंटीत व्हिडिओवरून लग्न लावता येतं. ते प्रमाणपत्र खरं असतं, पण इमिग्रेशन कायदा म्हणतो, की समारंभात दोघं एकत्र हजर नसतील तर त्यानंतर शरीरसंबंध झाल्याशिवाय ते लग्न धरलं जाणार नाही. आधीची भेट मोजली जात नाही. ऑनलाइन लग्नाच्या तारखेनंतर दोघं एका ठिकाणी राहिल्याचे पुरावे जोडा: पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास, दोघांच्या नावाचं हॉटेलचं बिल. त्या भेटीनंतरच आय-१३० भरा.

८. भाषांतर

मराठीतला प्रत्येक शब्द इंग्रजीत जायला हवा. प्रमाणपत्र दोन भाषांत असलं तरी गोल शिक्का, हाताने लिहिलेला शेरा, समासातली नोंद सुटते. भाषांतराखाली भाषांतरकाराने लिहायचं, की आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे. नाव, पत्ता, सही, तारीख. नोटरी लागत नाही, सरकारमान्य भाषांतरकारही लागत नाही. पण अर्जदाराने स्वतः करू नये, मराठी-इंग्रजी नीट येणारा एखादा मित्र बरा.

लग्नपत्रिका जोडत असाल तर 'चि. सौ. कां.' हे नाव नाही, उपाधी आहे, हे भाषांतरकाराला सांगा. नाहीतर फाइलमध्ये नवरीचं आणखी एक नाव तयार होतं.

अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून घेतलेला सरकारी शिक्का? आय-१३० ला लागत नाही. एजंट हजारो रुपये घेऊन ते करून देतात. युरोपातल्या काही देशांना ते लागतं, म्हणून सगळ्यांनाच लागतं असा समज पसरला आहे.

९. संसार खरा आहे हे दाखवायचं कसं

ठरवून केलेलं लग्न, दहा दिवसांची ओळख, लग्नानंतर बारा दिवसांनी नवऱ्याचं विमान. मुंबईतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्यांना हे नवीन नाही. त्यांना शंका येते ती कागदावर पुढे काहीच घडलेलं दिसत नाही तेव्हा.

सगळ्यात जोरदार पुरावा पैशाचा आणि जबाबदारीचा. प्रॉव्हिडंट फंडाचं नामांकन लग्नानंतर नव्याने करावंच लागतं, जुनं रद्द होतं. ते करा आणि त्याची प्रत लावा. विमा, म्युच्युअल फंड, अमेरिकेतलं ४०१(के) हे निवृत्तीचं खातं, सगळीकडे जोडीदाराचं नाव घाला. एनआरई, म्हणजे परदेशस्थ भारतीयाच्या बँक खात्यात भारतातला जवळचा नातेवाईक 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' (आधी पहिला खातेदार, त्याच्या पश्चात दुसरा) पद्धतीने जोडता येतो, आणि बायको त्यात बसते. दरमहा घरी पाठवलेले पैसे, तिच्या कोर्सची भरलेली फी, एकमेकांच्या आईवडिलांच्या मेडिक्लेमचे हप्ते असे लहानसहान व्यवहारही बोलके असतात.

अमेरिकेतलं कर विवरणपत्र विसरू नका. ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर त्या वर्षी 'सिंगल' म्हणून भरता येत नाही. बायकोला अजून तिथला सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून सॉफ्टवेअर अडतं आणि लोक सिंगलवर टिचकी मारून मोकळे होतात. पर्याय दोन: विवाहित पण वेगळं विवरणपत्र, किंवा डब्ल्यू-७ फॉर्म भरून आयटीआयएन, म्हणजे करापुरता नंबर, मागून एकत्र विवरणपत्र. एका सरकारी कागदावर अविवाहित आणि दुसऱ्यावर विवाहित, याचं समाधानकारक उत्तर मुलाखतीत सुचत नाही.

फोटो वीस ते तीस पुरेत. साखरपुडा, हळद, लग्न, सत्यनारायण, नंतरच्या भेटी, सणवार. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहा. नुसते दोघांचे फोटो ठेवू नका, दोन्हीकडची माणसं दिसू देत. व्हॉट्सॲपचे हजार पानी गठ्ठे कोणी वाचत नाही. महिन्याला एक-दोन पानं काढा, तारखा दिसतील अशी. "जेवलीस का" हे रोमन लिपीत टाइप केलं तरी ते मराठीच, त्याचंही भाषांतर लागतं. कॉलची नोंद पाच मिनिटांत निघते आणि भाषांतर लागत नाही, तीही लावा.

नातेवाइकांची पत्रं शेवटी, आणि दोन-तीनच. "ते सुखाने नांदत आहेत" याला वजन नाही. "दिवाळीत आमच्याकडे पाच दिवस राहिले, तेव्हा आम्ही एकत्र अष्टविनायक केलं" याला आहे.

१०. नोंदणी झालीच नसेल तर

जुन्या लग्नांत हे सर्रास. दोघं हयात असतील तर आजही उशिरा नोंद करा, तो सगळ्यात सरळ मार्ग. ते शक्य नसेल तर निबंधकाकडून 'नोंद आढळत नाही' असा लेखी दाखला घ्या. त्यासोबत लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, मुलांचे जन्मदाखले, जुनं रेशन कार्ड असे त्या काळातले कागद. तेही अपुरे असतील तर लग्नाला हजर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं: स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मठिकाण, तुमच्याशी नातं, आणि लग्न कुठे, कधी, कसं पाहिलं. दोन्ही प्रतिज्ञापत्रांचा मजकूर शब्दशः सारखा नको. एकाच टायपिस्टकडून केली की तसं होतं.

११. अर्ज भरताना

ऑनलाइन भरलात तर आय-१३० ची फी ६२५ डॉलर, कागदी अर्जाला ६७५, हे १ एप्रिल २०२४ पासूनचे दर. भरण्याआधी युएससीआयएसच्या साइटवर ताजा दर बघा. जोडायचे कागद असे:

- अर्जदाराचा नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डचा पुरावा
- नमुना 'इ' किंवा विशेष विवाह कायद्याचं प्रमाणपत्र, भाषांतरासह
- दोघांच्या आधीच्या सगळ्या लग्नांचे शेवटाचे कागद
- नावबदलाचा पुरावा
- दोघांचे २ बाय २ इंचाचे, गेल्या ३० दिवसांतले फोटो
- जोडीदारासाठी आय-१३०ए. जोडीदार भारतात असेल तर त्यावर सही लागत नाही, पण फॉर्म पूर्ण भरावाच लागतो
- संसाराच्या पुराव्यांचा वेगळा गठ्ठा, वर एका पानाची अनुक्रमणिका

मूळ प्रती पाठवू नका, स्वच्छ स्कॅन पुरतात. मोबाइलवर काढलेल्या तिरक्या फोटोत शिक्का वाचता येत नाही, आणि त्यावरूनच पुन्हा कागद मागितला जातो.

पुरावे कमी वाटले तर आरएफई, म्हणजे आणखी पुरावे मागणारं पत्र येतं. त्यावर मुदत छापलेली असते, ती वाढवून मिळत नाही, आणि उत्तर एकदाच द्यायचं असतं. आज अर्धे कागद आणि उरलेले पुढच्या महिन्यात असं चालत नाही. खोटा कागद तर चुकूनही नको. लग्न केवळ व्हिसासाठी होतं असं एकदा ठरलं, की त्या जोडीदारासाठी पुढे कोणीही भरलेला कौटुंबिक किंवा नोकरीचा अर्ज मंजूर होत नाही, नंतरचं लग्न कितीही खरं असलं तरी.

१२. मुंबईची मुलाखत आणि त्यानंतर

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) कॉन्सुलेटमध्ये प्रमाणपत्र आणि डिक्रीच्या मूळ प्रती न्या. अर्ज भरल्यानंतर जे घडलं त्याचे पुरावे, म्हणजे नवी भेट, नवं नामांकन, ताजं विवरणपत्र, हे वेगळ्या फोल्डरमध्ये. दोघांनीही भरलेला आय-१३० आदल्या रात्री शेवटचा वाचावा. स्थळ कोणी आणलं, नवरा किती वाजता कामावर जातो, घरभाडं किती, सासऱ्यांचा व्यवसाय काय, असे प्रश्न येतात. पाठ केलेली उत्तरं ओळखू येतात. एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर "माहीत नाही" म्हणणं चालतं.

अमेरिकेत उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. ते संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अट काढून टाकण्याचा अर्ज भरायचा असतो. तेव्हा पुन्हा संसाराचाच पुरावा लागतो, आणि या वेळी एकाच छताखालचा: भाडेकरार, दोघांच्या नावाची बिलं, एकत्र कर विवरणपत्र. उतरल्याच्या पहिल्या महिन्यापासून हे कागद एका फोल्डरमध्ये टाकत जा.